न उच्चारलेला वंश : ‘द लिव्हिंग रूम कँडिडेट’ या संकेतस्थळाचे परीक्षण

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोणता उमेदवार वंशाविषयी काय बोलला, याची चर्चा बहुधा एखाद्या वाक्याभोवती फिरते. अमुक नेत्याने अमुक शब्द वापरला, त्यावर गदारोळ झाला, मग खुलासा आला आणि विषय मिटला, असा तो नेहमीचा क्रम असतो. मतदाराच्या घरात मात्र ते वाक्य असे सुटे कधीच पोहोचत नाही. सोबतचे चित्र, निवेदकाचा आवाज, पार्श्वसंगीत आणि तीस किंवा साठ सेकंदांची घाई या सगळ्यांसह ते पोहोचते. त्यामुळे राजकारण्यांची वंशविषयक भाषा मतदाराचे त्यांच्याविषयीचे मत कसे घडवते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने भाषणांच्या उताऱ्यांआधी जाहिराती पाहाव्यात, असे माझे मत आहे. त्या पाहण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज’ या संग्रहालयाचे ‘द लिव्हिंग रूम कँडिडेट’ हे संकेतस्थळ होय. १९५२ च्या निवडणुकीपासूनच्या तीनशेहून अधिक दूरचित्रवाणी जाहिराती तेथे विनामूल्य पाहता येतात. या सेवेचे परीक्षण मी केवळ वर सांगितलेल्या प्रश्नापुरते करत आहे. कर, युद्ध किंवा महागाई या विषयांच्या अभ्यासकाला ती कशी वाटेल, हा वेगळा प्रश्न आहे.

मांडणी सरळ आहे. निवडणुकीचे वर्ष निवडले की त्या वर्षीच्या लढतीचा थोडक्यात परिचय, निकाल आणि दोन्ही प्रमुख पक्षांच्या जाहिराती समोर येतात. जेथे तिसरा उमेदवार दखल घेण्याजोगा होता तेथे त्याच्याही येतात. जाहिरातींबरोबर त्यांची संहिता दिलेली असते, आणि ज्यांना अमेरिकी निवेदकाचे वेगवान इंग्रजी कानाने पकडणे जड जाते त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. जाहिरातीच्या प्रकारानुसार आणि विषयानुसार शोधण्याचीही व्यवस्था आहे. आपल्या प्रश्नासाठी मात्र या विषयवार शोधावर विसंबून राहू नये. जाहिरात ज्या विषयावर उघडपणे बोलते त्या विषयाखाली ती सापडते, आणि वंशाच्या बाबतीत अमेरिकी प्रचाराने सहा दशकांत जे कौशल्य कमावले आहे, ते नेमके उघडपणे न बोलण्याचेच आहे. नागरी हक्कांचे नाव घेणारी जाहिरात शोधून मिळेल; गुन्हेगारी, सरकारी मदत किंवा शाळेची बस (गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवण्यासाठी त्यांना दूरच्या शाळांत नेणारी) यांच्याविषयी बोलत वंशाविषयीची भावना चाळवणारी जाहिरात स्वतःच हुडकावी लागेल. म्हणून वर्षवार पाहणे हाच उत्तम मार्ग आहे.

पाहण्याची एक पद्धत सुचवतो, कारण या संकेतस्थळाचे खरे मोल तिच्यामुळे कळते. आधी संहिता वाचावी. मग आवाज बंद करून चित्रफीत पाहावी. शेवटी दोन्ही एकत्र पाहावे. १९८८ च्या पानावरील ‘विली हॉर्टन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहिरातीवर हा प्रयोग केला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

त्या जाहिरातीची संहिता वाचली तर ती गुन्हेगारीविषयक धोरणांची रुक्ष तुलना वाटते. रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश (थोरले) मृत्युदंडाच्या बाजूचे आहेत. डेमोक्रॅटिक उमेदवार आणि मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल मायकेल डुकाकिस केवळ विरोधातच नाहीत, तर त्यांनी खुनी कैद्यांना शनिवार-रविवारची सुट्टी दिली. त्यांपैकी एक हॉर्टन. त्याने पळून जाऊन एका तरुण जोडप्याचे अपहरण केले, पुरुषाला भोसकले आणि स्त्रीवर बलात्कार केला. वंशाचा उल्लेख कोठेही नाही. आवाज बंद करून पाहिले की मात्र पडद्यावर प्रथम बुश यांचा उजळ चेहरा, मग डुकाकिस यांचा काळपट छटेतील चेहरा आणि त्यानंतर एका कृष्णवर्णीय कैद्याचे पोलिसी छायाचित्र दिसते. जे सांगायचे ते त्या छायाचित्रात आहे, आणि ‘तुम्ही वंशाचा मुद्दा आणलात’ असे म्हणणाऱ्याला संहितेतले एकही वाक्य पुरावा म्हणून दाखवता येत नाही. त्या माणसाचे खरे नाव विल्यम होते. ‘विली’ हे रूप प्रचाराने रूढ केले. मॅसॅच्युसेट्समधील ही सुट्टीची योजना १९७२ मध्ये एका रिपब्लिकन राज्यपालाच्या काळात सुरू झाली होती, हेही जाहिरातीत येत नाही. अर्थात, डुकाकिस यांची बाजू अगदीच धुतल्या तांदळासारखी नव्हती, कारण खुनाच्या कैद्यांना योजनेतून वगळणारे विधेयक त्यांनी १९७६ मध्ये नकाराधिकार वापरून अडवले होते. टीकेला जागा होती. टीकेसाठी निवडलेला चेहरा हा मात्र वेगळा निर्णय होता.

याच पानावर बुश यांच्या अधिकृत प्रचाराची ‘रिव्हॉल्व्हिंग डोअर’ ही जाहिरातही आहे, आणि दोन्ही लागोपाठ पाहण्याची सोय हा या संग्रहाचा मोठा गुण मानला पाहिजे. हॉर्टनचे छायाचित्र वापरणारी जाहिरात एका स्वतंत्र गटाची होती. प्रचारयंत्रणेच्या स्वतःच्या जाहिरातीत हॉर्टनचे नावही नाही आणि चेहराही नाही. तुरुंगाच्या फिरत्या दारातून आत जाऊन लगेच बाहेर पडणाऱ्या कैद्यांची एक कृष्णधवल रांग आहे. पहिली जाहिरात मनात असलेल्या प्रेक्षकाने दुसरी पाहिली की मधली जागा तो स्वतः भरून काढतो, आणि उमेदवाराचे हात स्वच्छ राहतात. बुश यांचे प्रचारप्रमुख ली अॅटवॉटर यांनी हॉर्टनला डुकाकिस यांचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार वाटावे इतके प्रसिद्ध करण्याची भाषा केली होती. १९९१ मध्ये, मृत्यूच्या काही काळ आधी, त्यांनी त्या भाषेतील क्रौर्याबद्दल माफी मागितली.

डुकाकिस यांचे उत्तरही येथे आहे, आणि मला ते मूळ जाहिरातीइतकेच बोधक वाटले. ‘फर्लो फ्रॉम द ट्रुथ’ या जाहिरातीत त्यांच्या यंत्रणेने केंद्रीय तुरुंगातून (म्हणजे बुश उपाध्यक्ष असलेल्या सरकारच्या तुरुंगातून) सुट्टीवर सुटलेल्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने केलेल्या खुनाची गोष्ट सांगितली आणि त्याचा चेहरा दाखवला. तो लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा होता. प्रतिस्पर्ध्याच्या भाषेवर आक्षेप घ्यायचा की तीच भाषा उलटवायची, या पेचात सापडलेल्या पक्षाने येथे दुसरा मार्ग निवडला. आक्षेप घेण्याचे काम डेमोक्रॅटिक पक्षाचे कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांच्यावर पडले. ऑक्टोबर १९८८ मध्ये त्यांनी या प्रचाराला जाहीरपणे वंशवादी म्हटले.

प्रिन्स्टन विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ ताली मेंडेलबर्ग यांनी २००१ मध्ये मांडलेला प्रसिद्ध सिद्धान्त याच क्षणाभोवती उभा आहे. त्यांचे म्हणणे असे, की नागरी हक्क चळवळीनंतर समतेचे मूल्य बहुसंख्य गोऱ्या मतदारांनीही उघडपणे स्वीकारले होते. त्यामुळे उघड वंशवादी भाषा वापरणारा उमेदवार त्यांच्या नजरेतून उतरला असता. सूचक भाषेचे तसे नाही. आपल्या मनातील वंशविषयक पूर्वग्रह जागा झाला आहे, हे मतदाराच्या लक्षातच येत नाही आणि तो उमेदवाराविषयीच्या मतात मुकाट्याने मिसळतो. जॅक्सन यांनी नाव घेऊन आरोप केल्यानंतर संदेशातील वंशाचा भाग लोकांच्या डोळ्यांसमोर आला आणि पूर्वग्रहाचा बुश यांच्या पाठिंब्याशी असलेला संबंध कमकुवत झाला, असे त्यांच्या विश्लेषणात दिसते. सूचक भाषा आपले काम कोणी बोट दाखवेपर्यंतच चोख करते, असा याचा अर्थ.

आवाज बंद करण्याच्या ज्या पद्धतीची मी शिफारस केली, तिचा शास्त्रीय आधार २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकोलस व्हॅलेंटिनो, व्हिन्सेंट हचिंग्ज आणि इस्माईल व्हाइट यांच्या प्रयोगात सापडतो. त्यांनी एका प्रचार-जाहिरातीचे निवेदन तसेच ठेवून चित्रे बदलली. सरकारी पैशाच्या उधळपट्टीचे वाक्य चालू असताना कृष्णवर्णीय माणसे दिसली, तेव्हा प्रेक्षकांचे उमेदवाराविषयीचे मत त्यांच्या वंशविषयक दृष्टिकोनावर अधिक अवलंबून राहू लागले. कृष्णवर्णीयांचे चित्रण रूढ साच्याच्या विरुद्ध केले, तेव्हा तो परिणाम ओसरला. शब्द तेच, आणि मतदार मात्र उमेदवाराला वेगळ्या निकषावर जोखू लागला. ‘मत घडवणे’ म्हणजे उमेदवार आवडू लागणे किंवा नावडू लागणे एवढेच नसते. कोणत्या मोजपट्टीने त्याला मोजायचे हेही प्रचाराची भाषा ठरवते. संकेतस्थळावरील परिचयात्मक मजकुरात ही बाजू फारच थोडी येते. तेथे निर्मात्यांचे डावपेच चांगले समजावलेले आहेत, पण प्रेक्षकाच्या मनात काय झाले याविषयीचे संशोधन वाचकाने स्वतः मिळवून शेजारी ठेवावे लागते. संग्रहालयाकडून एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

तेथून मागे, १९६८ च्या पानाकडे जावे. त्या वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शंभराहून अधिक शहरांत उद्रेक झाला, आणि शरद ऋतूपर्यंत ‘कायदा व सुव्यवस्था’ हा प्रचाराचा मध्यवर्ती शब्दप्रयोग झाला होता. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांची ‘द फर्स्ट सिव्हिल राइट’ ही जाहिरात जळत्या रस्त्यांच्या आणि जखमी चेहऱ्यांच्या स्थिर छायाचित्रांवर त्यांच्याच शांत आवाजात सांगते, की हिंसाचारापासून मुक्त असणे हा प्रत्येक अमेरिकी माणसाचा पहिला नागरी हक्क आहे. ज्या शब्दांनी एक दशकभर कृष्णवर्णीयांच्या मागण्या मांडल्या गेल्या, तेच शब्द येथे त्या मागण्यांनी धास्तावलेल्या मतदाराच्या हाती दिले गेले आहेत. लेखणीचे काम म्हणून ते वाक्य विलक्षण आहे, हे मान्य करावेच लागते. त्याच वर्षीची तिसरे उमेदवार, अलाबामाचे माजी राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांची जाहिरात शेजारी पाहावी. पडद्यावर शाळेची बस दिसते आणि तुमच्या मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले जात आहे, असे निवेदक सांगतो. नंतर रात्रीच्या रस्त्यावरून किंवा बागेतून चालून पाहण्याचे आव्हान येते. पाच वर्षांपूर्वी राज्यपालपदाच्या शपथविधीच्या भाषणात गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणारी वंशविभक्तता कायम राहील असा जयघोष करणारा हा नेता राष्ट्रीय पडद्यावर आला तेव्हा त्यालाही ‘वंश’ हा शब्द टाळावासा वाटला, आणि तरीही कोणाला काही कळायचे राहिले नाही. वॉलेस यांनी पाच राज्ये जिंकली आणि सुमारे साडेतेरा टक्के मते मिळवली.

१९७२ च्या पानावरील निक्सन यांच्या बाजूची, त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या कल्याण-योजनेवरील जाहिरात चुकवू नये. उंच इमारतीच्या तुळईवर बसून एक गोरा बांधकाम कामगार जेवतो आहे, आणि या योजनेने देशातील ४७ टक्के लोक सरकारी मदतीला पात्र ठरतील, असे निवेदक सांगतो. मग खर्च कोणाच्या खिशातून, हा प्रश्न येतो. पडद्यावर एकही कृष्णवर्णीय नाही. तरी मदत घेणारे कोण आणि पैसे भरणारे कोण, याचे चित्र त्या काळच्या प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच तयार होते, आणि जाहिरातीला त्यातला अर्धाच भाग दाखवण्याची गरज होती. ही जाहिरात वंशाविषयी आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ‘इनर सिटी’ (शहराच्या आतल्या भागातील गरीब, बहुधा कृष्णवर्णीयांची वस्ती) या शब्दांविषयी जॉन हर्विट्झ आणि मार्क पेफ्ली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र येथे आठवतो : गुन्हेगारांविषयीच्या प्रश्नात एवढे दोन शब्द घातले, तर गोऱ्या उत्तरदात्यांचे तुरुंगांवरील खर्चाविषयीचे मत त्यांच्या वंशविषयक पूर्वग्रहाशी जोडले जाते, शब्द काढले की तो दुवा जवळजवळ सुटतो.

१९६४ चे पान या सगळ्याला उलट बाजूने उजळते. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या बाजूच्या एका जाहिरातीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक वंशवर्चस्ववादी संघटनेचे मुखवटे, जळते क्रूस आणि क्लॅनच्या अलाबामातील एका नेत्याचे द्वेषपूर्ण उद्गार आहेत, आणि त्याच नेत्याला रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर आवडतात, हे अखेरीस सांगितले जाते. वंशाविषयी गोल्डवॉटर यांचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नाही. त्यांनी त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते आणि त्यावर उघड वाद घालता आला असता. त्याऐवजी दुसऱ्याची जीभ त्यांच्या तोंडात बसवली गेली. सूचकतेची कला एकाच पक्षाची मिरासदारी आहे, अशी समजूत घेऊन या संकेतस्थळावर येणाऱ्याने हे पान जरूर पाहावे.

उणिवांविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे हा संग्रह सर्वांना दिसणाऱ्या पडद्याचा आहे, आणि वंशविषयक भाषा पुष्कळदा निवडक कानांसाठी बोलली जाते. १९६० च्या पानावर गायक हॅरी बेलाफोंटे आणि जॉन केनेडी बसून बोलत असल्याची एक संयत जाहिरात आहे. पण त्या निवडणुकीत कृष्णवर्णीय मतदारांच्या मनावर जिचा खरा ठसा उमटला, ती गोष्ट दूरचित्रवाणीवर नव्हतीच. किंग जॉर्जियात तुरुंगात असताना केनेडी यांनी त्यांच्या पत्नी कोरेटा किंग यांना दूरध्वनी केला, आणि त्या प्रसंगाची निळ्या कागदावर छापलेली पत्रके मतदानापूर्वीच्या रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या (प्रार्थनास्थळांच्या) बाहेर वाटली गेली. प्रतिस्पर्धी निक्सन गप्प राहिले आणि केनेडींना हृदय आहे, असा त्या पत्रकांचा सूर होता. गोऱ्या दक्षिणेला हे फारसे ऐकू गेले नाही, आणि तसे ते जाऊ न देणे हाच बेत होता. सुमारे १ लाख १२ हजार मतांनी निकाल लागलेल्या त्या निवडणुकीचे चित्र केवळ जाहिराती पाहून काढणारा अभ्यासक फसेल.

दुसरी उणीव संग्रहाच्या व्याख्येतच आहे. येथे केवळ अध्यक्षीय लढती आहेत. त्यामुळे १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील सिनेटच्या निवडणुकीत जेसी हेल्म्स यांनी हार्व्ही गँट या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरलेली जाहिरात येथे नाही. तीत नकाराचे पत्र चुरगळणारे गोरे हात दिसतात आणि वांशिक कोट्यामुळे नोकरी दुसऱ्याला गेल्याचे निवेदक सांगतो. अमेरिकी वंशविषयक प्रचाराच्या कोणत्याही चर्चेत ही जाहिरात येतेच, त्यामुळे तिची अनुपस्थिती जाणवते. भाषणेही येथे नाहीत. रोनाल्ड रेगन यांनी ३ ऑगस्ट १९८० रोजी मिसिसिपीतील नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’विषयी (नागरी हक्क कायद्यांच्या विरोधकांचा हा जुना परवलीचा शब्द) काढलेले उद्गार, किंवा बराक ओबामा यांनी १८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फियात वंशावर दिलेले सविस्तर भाषण यांच्यासाठी अन्यत्र जावे लागते. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ हा विनामूल्य दस्तऐवजसंग्रह उत्तम पूरक आहे. जॉन्सन यांचे १५ मार्च १९६५ चे मतदान हक्कांवरील भाषण तेथे संपूर्ण वाचता येते, आणि त्यानंतर १९६८ च्या जाहिराती पाहिल्या की तीन वर्षांत हवा किती पालटली ते अंगावर येते.

२०१६ चे पान वेगळ्याच कारणाने विचारात पाडते. हिलरी क्लिंटन यांच्या ‘रोल मॉडेल्स’ या जाहिरातीत लहान मुले दूरचित्रवाणीसमोर बसली आहेत आणि पडद्यावर डोनाल्ड ट्रम्प यांचीच वक्तव्ये चालू आहेत. मेक्सिकोतून येणाऱ्यांविषयी १६ जून २०१५ रोजी उमेदवारी जाहीर करताना त्यांनी काढलेले उद्गारही त्यांत आहेत. जाहिरातीमागील गृहीतक मेंडेलबर्ग यांच्या सिद्धान्ताशी जुळणारे आहे : उघड भाषा लोकांना ऐकवली की लोक पाठ फिरवतील. निवडणुकीचा निकाल एका कारणाने लागत नाही, आणि या निकालाची तर कितीतरी कारणे सांगितली गेली. पण व्हॅलेंटिनो, फेबियन न्यूनर आणि मॅथ्यू व्हॅन्डेनब्रूक यांनी २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्या उमेदवारीपूर्वी गोळा केलेल्या माहितीच्या आधारे, असे दाखवले की अनेक गोरे नागरिक उघड वंशविषयक भाषेला आता पूर्वीसारखे झिडकारत नाहीत आणि तिचा परिणाम सूचक भाषेइतकाच होतो. त्याआधी २००६ मध्ये ग्रेगरी ह्यूबर आणि जॉन लॅपिन्स्की यांनीही सूचक व उघड यांतील फरकावर शंका घेतली होती. हे ध्यानात ठेवून २०१६ चे पान पाहिले, की क्लिंटन यांची जाहिरात १९८८ च्या धड्याने २०१६ ची परीक्षा द्यायला निघालेली वाटते. ट्रम्प यांच्या स्थलांतरावरील ‘टू अमेरिकाज’ या जाहिरातीत निर्वासित आणि गुन्हेगार स्थलांतरित यांची नावे सरळ घेतलेली आहेत. तेथे आवाज बंद करण्याचा माझा प्रयोग फारसे काही हाती देत नाही, कारण शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगतात.

एका सुधारणेची मागणी नोंदवून थांबतो. प्रत्येक जाहिरात कोणत्या तारखांना, कोणत्या भागांत आणि किती वेळा दाखवली गेली, हे तिच्या पानावर ठळकपणे आणि एकाच पद्धतीने दिलेले असावे. आज शेजारी शेजारी मांडलेल्या दोन चित्रफिती सारख्याच वजनाच्या वाटतात, मग त्यांतील एक देशभर महिनाभर चाललेली असो की दुसरी जेमतेम दिसलेली. हॉर्टनची मूळ जाहिरात केबल वाहिन्यांवर मर्यादित प्रमाणात दाखवली गेली होती. ती देशभर पोहोचवली वृत्त-कार्यक्रमांनी, तिच्यावर टीका करताना पुन्हा पुन्हा दाखवून. मतदाराने ती बुश यांच्या बाजूचा प्रचार म्हणून पाहिली की प्रचाराविषयीची बातमी म्हणून, यावर तिचा परिणाम अवलंबून होता, आणि संग्रहातील चित्रफितीत हा फरक कोठेही दिसत नाही.